मुंडीचा मान

मेंढ्याची उकडलेली मुंडी ताटात आली की ती कुणापुढे ठेवायची, यात आमच्याकडे कधी घोळ होत नाही. दारासमोरच्या भिंतीशी, सगळ्यात जास्त गाद्या घालून ज्याला बसवलंय, त्याच्यापुढे ती जाते आणि तिचं तोंड त्याच्याकडे वळवून ठेवतात. तो दुवा म्हणतो, गालाचं मांस कापून शेजारच्यांना देतो, आणि कान कापून पोरांना देतो. कान मोठ्या माणसानं खायचाच नसतो. तो पोरांचा, म्हणजे पोरं मोठ्यांचं ऐकायला शिकतात.

गेली तीन वर्षं आमच्या सारिबुलाक गावात कुणाकडेही मेंढा कापला की मुंडी यायची ती एस्तायपुढे. एस्ताय मान खाली घालून ती कापायचा. लोक म्हणायचे, किती नम्र माणूस, एवढा शिकला पण वर बघत नाही. नम्र कसला डोंबलाचा. लाज वाटायची त्याला. मुंडी मिळायची ती डॉक्टर झाला म्हणून, आणि तो डॉक्टर झालेलाच नव्हता. हे सगळ्या गावात फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला माहीत होतं.

वर आणखी म्हणजे त्याचा थोरला भाऊ राहिमजान त्याच जेवणात एक गादी खाली बसलेला असायचा. बाप गेला तेव्हा राहिमजाननं शाळा सोडली, मेंढरांमागे गेला, आणि धाकट्याची शाळा मात्र सुटू दिली नाही. हे तो कधी बोलून दाखवत नाही, म्हणूनच एस्तायला ते जास्त लागतं. दर जेवणात राहिमजान आधी त्याला वर बसवायचा, "डॉक्टर, तू वर सरक," म्हणायचा आणि मग स्वतः बसायचा. एकदा तरी त्याच्या आवाजात खोच असती तर बरं झालं असतं. नव्हती.

झालं ते असं. एस्ताय तालुक्याच्या शेतकी कॉलेजात शिकवतो. कुरणातलं गवत मेंढरं चरून कसं बदलतं, यावर तो अल्माटीच्या विद्यापीठात पीएचडी करत होता. तिथे काम संपत आलं की आधी आपल्या विभागापुढे मांडायचं असतं. विभाग चालेल म्हणाला की मग पुढे परदेशी नियतकालिकात लेख, मोठी समिती, खरी परीक्षा. तर विभाग चालेल म्हणाला. रिवाजाप्रमाणे एस्तायनं विभागाला जेवण घातलं, विद्यार्थ्यांनी फुलं दिली, आणि हातात फुलं धरलेला आपला फोटो त्यानं हौसेनं बायकोला, मार्झानला पाठवला. मार्झाननं तो सासूला दाखवला आणि तिथेच माशी शिंकली.

त्याची आई, कुल्याशबाई, फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. फुलं, भरलेलं टेबल, शेजारी हसणाऱ्या प्राध्यापक बाई.

"झाला एकदाचा," ती म्हणाली.

"आई, अजून थोडं बाकी आहे म्हणत होते ते," मार्झान म्हणाली.

"तू गप गं. त्याला बढाई मारायला येत नाही, म्हणून तसं म्हणतो. अर्धवट कामाला कोण फुलं देतं?"

आता आमच्याकडे आनंदाची बातमी आली आणि चूल पेटली नाही, असं होत नाही. राहिमजानला निरोप गेला. त्यानं कळपातली सगळ्यात चांगली घोडी कापली. नुसता मेंढा कापला असता तरी चाललं असतं, पण नाही, भाऊ डॉक्टर झाला होता. शनिवारी एस्ताय बसमधून उतरला तर अंगणात मोठमोठ्या कढया चढलेल्या, आणि गावच नाही, शेजारच्या गावचे व्याहीसुद्धा आलेले. त्यानं तोंड उघडायच्या आत आबिश आजोबांनी त्याच्या खांद्यावर जरीचा चापान, म्हणजे मानाचा लांब अंगरखा, चढवला. आबिश आजोबा म्हणजे एस्तायच्या बहिणीचे सासरे, जिभेला हाड नसलेला माणूस. व्याह्यांनी टोमणे मारायचे हा त्यांचा हक्कच असतो, आणि आजोबांनी तो हक्क कधी वाया घालवला नाही.

"आजवर आमच्या सुनेचा भाऊ होता," आजोबा म्हणाले, "आजपासून ती डॉक्टरची बहीण. आता तिला बोलायची माझी छाती नाही."

सगळे हसले. एस्ताय म्हणाला, "आई, ऐक ना, अजून..." पण आईनं त्याचं डोकं खाली ओढून कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, "आज तुझा बाप हवा होता." झालं. त्यापुढे काय बोलणार? त्यानं मनाशी म्हटलं, एक-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, परीक्षा होऊन जाईल, तारीख कोण विचारतंय. तो चापान अंगावर घेऊन जेवायला बसला, आणि पहिली मुंडी त्यानं तेव्हा कापली.

पण नियतकालिकाला पाठवलेला लेख परत आला. त्या परदेशी लोकांनी सभ्य शब्दांत लिहिलं होतं की काम चांगलं आहे, पण मेंढरं चरलेली जागा आणि न चरलेली जागा शेजारीशेजारी कुंपण घालून, अख्खा एक उन्हाळा मोजून दाखवा. मागणी रास्त होती. कुरण राहिमजानचंच होतं, घरापासून घोड्यावर थोड्या वेळात पोचता येईल असं. एरवी एस्ताय उड्या मारत गेला असता. पण आता कुंपण कसलं घालतोस म्हणून भावानं विचारलं, तर काय सांगायचं? डॉक्टर होऊन बसलेल्या माणसाला गवत मोजायचं काय नडलंय?

तरी त्यानं एकदा प्रयत्न केला. पहाटेच कात्री आणि पोती घेऊन कुरणावर गेला, चौकोन आखून गवत कापायला बसला, तर समोरून घोड्यावर आबिश आजोबा.

"डॉक्टर, हे काय? तुझ्या कॉलेजात गवत कापायला गडी मिळत नाहीत?"

"सशांसाठी नेतोय, आजोबा," एस्तायच्या तोंडून निघून गेलं.

"ससे? कुणाचे ससे?"

"पाळलेत."

आमच्याकडे ससे कुणी पाळत नाही. आबिश आजोबा बघायला येणार हे नक्की होतं, म्हणून त्याच आठवड्यात एस्ताय बाजारातून सशांची जोडी घेऊन आला. मार्झान नुसती बघत राहिली. "कुंपण घालायचं सोडून पिंजरे बांधा आता," ती म्हणाली. पुढच्या वर्षी परसात पाय ठेवायला जागा उरली नाही, इतके ससे झाले. गावात म्हणायचे, डॉक्टर सशांवर काहीतरी मोठं संशोधन करतोय. आणि खरं गवत तसंच राहिलं. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. कामचोरी नव्हती हो त्याच्या अंगात. पण ते काम लोकांच्या डोळ्यांसमोर करावं लागणार होतं, आणि लोकांसाठी ते कधीच संपलं होतं. घोडीसुद्धा खाऊन झाली होती.

यंदा वसंतात विद्यापीठानं बोलावून घेतलं. त्याच्या मार्गदर्शक राऊझा सापारोव्ना बाईंनी त्याला बसायला सांगितलं, चहा ओतला आणि पहिला प्रश्न विचारला, "आईचा पाय कसा आहे?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कामाला उशीर का, असं बाई फोनवर विचारायच्या, तेव्हा त्यानं आईचा पाय मोडला म्हणून सांगितलं होतं. पुढच्या वर्षी दुसरा पाय. बाईंनी खरोखर काळजीनं मलम पाठवलं होतं. इकडे आई दोन्ही हातांत बादल्या घेऊन विहिरीवरून येत होती.

"बरा आहे," तो म्हणाला.

"चालतात?"

"चालते."

"मग आता तू चालायला लाग," बाई म्हणाल्या. "मुदत या महिन्याअखेर संपते. तोवर अर्ज आला नाही तर नाव कापतील, मग मी कुणाच्या पाया पडले तरी उपयोग नाही. एक वर्ष वाढवून मिळेल. पण समितीला नुसत्या अर्जानं भागणार नाही. ज्यांच्या कुरणात काम करणार, त्यांचं लेखी हवं, की या उन्हाळ्यात कुंपण घालू देतो. कुरण कुणाचं?"

"माझ्या थोरल्या भावाचं."

"मग तीन वर्षं अडलंय कुठे? भावाची सही आणायला काय व्हिसा लागतो?"

एस्तायपुढचा चहा तसाच राहिला. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि आवाज थोडा खाली आणला. "हे बघ, मुदत मागण्यात लाज नाही. माझ्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी मागतं. पण अर्जात कारण लिहायचं असतं. आईचा पाय तिसऱ्यांदा मोडू नकोस एवढंच."

बाहेरच्या लांब व्हरांड्यात तो भिंतीवरचं वेळापत्रक वाचत असल्यासारखा उभा राहिला, कारण येणाजाणाऱ्यांना तोंड दाखवायची त्याची तयारी नव्हती. चाळिशी उलटलेला माणूस, कानामागे केस पांढरे, आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. बाईंना सगळं कळलं होतं, मलमासकट, आणि तरी त्यांनी चहा दिला, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

घरी आला तर भिंतीवर तो चापान. आई दर शुक्रवारी त्यावरची धूळ झटकते, जर काळी पडू नये म्हणून. एस्तायनं अर्ज लिहायला घेतला. नाव लिहिलं, विषय लिहिला, आणि कारणाशी येऊन अडला. शेवटी तेवढी जागा मोकळी ठेवून तो भावाकडे निघाला.

मेंढ्या विण्याचे दिवस होते. राहिमजान गोठ्यात गुडघ्यावर बसलेला, कोपरापर्यंत हात भरलेले. भावाला बघून तो उठला, हात आधी गवताला पुसले, मग पाण्यानं धुतले, मग सदऱ्याला पुसले आणि तेव्हा कुठे पुढे केले.

"तू कशाला आलास चिखलात? बूट खराब होतील. निरोप द्यायचास, मी आलो असतो."

"दादा, एक काम होतं तुझ्याकडे."

"सांग की."

एस्तायच्या खिशात कागद होता. समोर नुकतंच जन्मलेलं कोकरू उभं राहायला बघत होतं आणि पुन्हा पुन्हा पडत होतं. राहिमजान त्याच्याकडे न बघता भावाकडे बघत होता, अगदी कान देऊन, जसं कुणी मोठ्या माणसाचं ऐकावं तसं.

"काही नाही. सहज आलो," एस्ताय म्हणाला.

"बरं झालं आलास. उल्बोसिनचा नातू पाय टाकायला लागलाय, ठाऊक आहे ना? रविवारी दोरी कापायची आहे. मी तिला सांगून ठेवलंय, दोरी एस्तायच कापणार. आपल्या घरात वाट शेवटपर्यंत चालून गेलेला तूच एक."

उल्बोसिन म्हणजे त्यांची मधली बहीण, आबिश आजोबांची सून. लेकरू चालायला लागलं की त्याच्या पायात काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात आणि एखाद्या कर्तबगार माणसाकडून ती कापून घेतात, म्हणजे पोर त्याच्यासारखं चालतं. कापणारा नीट बघून निवडतात. घरी येईपर्यंत एस्तायला वाटेवरचं काही दिसलं नाही. आपण मुंडी खाल्ली, चापान घातला, तो आपला आपल्यापुरता अपराध होता. पण हे पोर? तीन वर्षं एका जागी रुतून बसलेल्या माणसाची चाल त्याच्या पायात घालायची?

रविवारी आबिश आजोबांच्या अंगणात पांढरं कापड अंथरलं होतं. एका टोकाला पोर उभं, काखेतून धरलेलं, पायात दोरी. दुसऱ्या टोकाला बायका खाऊ घेऊन बोलावत होत्या. कुल्याशबाई पुढेच बसली होती, नवा पांढरा रुमाल डोक्याला बांधून. उल्बोसिननं एस्तायच्या हातात सुरी दिली.

तो पोरापुढे बसला. बांधलेली पावलं केवढीशी होती. त्यानं सुरी खाली ठेवली.

"माझ्या हातून नको, ताई."

"हा, आता नखरे," आबिश आजोबा म्हणाले. "डॉक्टरला आणखी एक चापान हवाय बहुतेक."

"मी डॉक्टर नाही, आजोबा."

"गुरांचा नाहीस, हे आमची गाय मेली तेव्हाच कळलं."

सगळे हसले. एस्ताय थांबला, हसणं ओसरू दिलं.

"कसलाच नाही. ते फोटोतलं विभागाचं जेवण होतं. परीक्षा झालीच नाही. काम अजून अर्धवट आहे. तुम्ही सगळे जेवलात, मला चापान घातलात, आणि मी गप्प बसलो. तीन वर्षं गप्प बसलो. आता नाव कापायला निघालेत, म्हणून एक वर्ष वाढवून मागायचंय, दादाच्या कुरणात कुंपण घालून गवत मोजायला." तो जमिनीकडे बघून बोलत होता, तरी आवाज सगळ्या अंगणात गेला.

आधी कुणाला ते खरं वाटेना, मग वाटलं. आबिश आजोबांचं तोंड उघडं होतं, पण पहिल्यांदाच त्यातून काही येईना. मग ते हळूच म्हणाले, "आणि ते ससे?"

"गवत मोजायला कापत होतो. ससे नंतर आणले."

मागे एक बाई खुदकन हसली आणि तोंडाला रुमालाचं टोक लावून गप्प झाली. पुढून आईचा आवाज आला, कुणाला उद्देशून नसल्यासारखा.

"मग ती घोडी?"

एस्तायनं आईकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. राहिमजान थोडा मागे उभा होता, टोपी हातात, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. तो नुसता भावाकडे बघत होता. त्याच्या मनात काय होतं ते एस्तायला कळेना, आणि न कळल्यानं आणखी भीती वाटली. पोर कंटाळून रडायला लागलं.

"दादा, तू काप," उल्बोसिन राहिमजानला म्हणाली. "किती वेळ त्याला बांधून ठेवायचं?"

राहिमजान आला, भावाच्या शेजारी खाली बसला, सुरी उचलली आणि दोरी कापली. पोर तिरपं-तारपं धावत कापडाच्या टोकाला गेलं. बायकांनी खाऊ उधळला. उधळला, पण गलका नेहमीसारखा झाला नाही.

जेवायला आत गेले तेव्हा एस्ताय दाराशी, बुटांजवळ बसला, जिथे कॉलेजातली पोरं बसतात. मार्झान येऊन त्याच्या बाजूला बसली, हेही रिवाजाला धरून नव्हतं. आई पलीकडे बायकांत होती आणि त्याच्याकडे पाठ होती. भिंतीजवळची मानाची जागा मोकळी राहिली. कुणी तिथे बसेना.

मुंडी आली. आबिश आजोबांनी ताट हातात घेतलं आणि सवयीनं भिंतीकडे वळले, मग घुटमळले. इतक्या जेवणांत यजमान असा घुटमळलेला मी बघितला नाही. शेवटी त्यांनी राहिमजानला दंडाला धरून उठवलं, वर बसवलं आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं. राहिमजान अवघडला. मुंडी त्यानं कधी कापली नव्हती. त्यानं दुवा म्हटला, गालाचं मांस कापून आबिश आजोबांना दिलं, मग इकडे तिकडे दिलं. दाराशी मात्र काही आलं नाही. एस्ताय ताटलीकडे बघत राहिला. त्याला वाटलं, बरोबरच आहे.

"खांब किती लागतील?" राहिमजान कापता कापता म्हणाला, वर न बघता.

कुणाला विचारतोय ते कुणाला कळलं नाही.

"एस्ताय, तुला विचारतोय. कुंपणाला. मेंढरं आत यायला नकोत ना?"

"दादा, तू म्हणशील तसं," एस्ताय म्हणाला. "आधी कागदावर सही लागेल तुझी."

"करतो की. सही करायला काय, मला येते सही."

मग त्यानं सुरीनं कान कापला. लगेच पोरांची रांग लागली, सगळ्यांचे हात पुढे. राहिमजान उठला. पोरांच्या हातांवरून तो कान तसाच घेऊन सरळ दाराशी आला आणि एस्तायपुढे धरला.

"घे," म्हणाला.

अख्खं घर बघत होतं. कान कुणाला देतात हे तिथल्या रांगत्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. एस्तायचे कान, मान, सगळं लाल झालं. पळून जावं असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी आपण इतक्या दिवसांनी घरी आलो असंही वाटलं. त्यानं दोन्ही हात पुढे करून कान घेतला आणि तोंडात घातला. आत सगळी कूर्चा असते, लवकर चावत नाही. तो चावत राहिला, डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि कुणीच दुसरीकडे बघेना.

पलीकडून बायकांतून आईचा आवाज आला. तिनं अजून मान वळवली नव्हती.

"नीट चाव रे," ती म्हणाली. "घशात अडकेल."